सात वाजताचे उपकार

चंद्रपूरची गाडी एटापल्लीच्या स्टँडवर लागली आणि मी माझी पत्र्याची पेटी सीटखाली सरकवत होते, तेवढ्यात बाबा गाडीत चढले. मला वाटलं, पेटीला हात लावायला आले असतील. पण ते ड्रायव्हरच्या मागच्या दांडीला धरून उभे राहिले, डोक्याचा रुमाल काढला, डोळे मिटले आणि मोठ्या आवाजात प्रार्थना सुरू केली. "हे प्रभू बापा, ही पोरगी तू आम्हाले दिली, तुझे उपकार. ही गाडी टायमावर आली, तुझे उपकार. डायवर भाऊले चांगली झोप झाली असन, त्याचे उपकार." गाडीतली माणसं मान वळवून बघायला लागली. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला जमीन फाटून आत जावंसं वाटत होतं. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून थांबला होता. बाबांनी आमेन म्हटल्यावर तो अगदी सरळपणे म्हणाला, "झालं ना भाऊ? सोडू आता?" बाबा म्हणाले, "सोडा."

माय खिडकीखाली उभी होती. तिनं प्रार्थना वगैरे काही केली नाही. ती एवढंच म्हणाली, "पोचली का फोन करजो. पाणी उकळून पेजो. बाकी काई नाई." गाडी वळली तेव्हा ती बाबांना काहीतरी सांगत होती, बहुतेक आता घरी चला म्हणून. आमचं गाव तिथून अकरा किलोमीटर, आणि तेवढं त्यांना चालत जायचं होतं.

त्याला आता बारा वर्षं झाली. मी पुण्यात नर्सिंग केलं, इथेच एका मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूमध्ये लागले, आणि तिथेच आहे. हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. गावातल्या आपल्या चार ख्रिस्ती घरांसाठी, आणि माझ्यासारख्या हैदराबादला, नागपूरला, कुणी पार मस्कतला जाऊन ड्यूट्या करणाऱ्या आपल्या मुलींसाठी. तुम्ही मला विचारता, "करुणा, माय कशी आहे?" आणि मी "ठीक आहे" असं टाइप करून मोकळी होते. ते खरं नाही, आणि पूर्ण खोटंही नाही.

बाबा आश्रमशाळेत स्वयंपाकी होते. दीडशे पोरांची खिचडी ढवळून घरी आले की हातपाय धुऊन सात वाजता ते चुलीसमोर बसायचे. ताटं वाढलेली असायची, पण कुणी घास उचलायचा नाही. आधी प्रत्येकानं दिवसभरातला एक उपकार सांगायचा. काल सांगितलेला आज चालत नसे. माझा धाकटा भाऊ सुनील एकदा तीन दिवस "भाताचे उपकार" म्हणाला, तेव्हा बाबा म्हणाले, "भाताले समजलं आता. दुसरं सांग." बाबांचे स्वतःचे उपकार मोठे असत: तारण, क्षमा, सार्वकालिक जीवन. मायचे मात्र तिच्या दिवसाएवढे. "आज सरपण वाळलं." "आज मोहा येचताना काटा नाई रुतला." "आज डोक्श्याले आराम होता." लहानपणी मला बाबांची प्रार्थना खरी वाटायची आणि मायचं हे काहीतरी हलकं वाटायचं. ज्या वर्षी भाताची रोवणी दोनदा वाहून गेली त्या वर्षीही कुणाचा नंबर चुकला नाही. दुसऱ्यांदा वाहून गेली त्या संध्याकाळी माय म्हणाली, "चिखल मऊ होता." आम्ही दोघं भावंडं हसलो. बाबा हसले नाहीत, त्यांनी आमेन म्हटलं.

पुण्यात आल्यावर हे सगळं हळूहळू सुटलं. सुटलं असं ठरवून नाही. सात वाजता कधी शिफ्ट संपत असायची, कधी सुरू होत असायची. हँडओव्हर, चार्टिंग, इन्फ्यूजन पंपाचे अलार्म, आणि रूमवर आलं की मोबाइलवरून मागवलेला फ्राइड राइस. रविवारी ड्यूटी नसली तर मी इथल्या मोठ्या चर्चला जायचे. तिथे गीतांचे शब्द पडद्यावर येतात आणि गिटार असते. मागच्या बाकावर बसलं की कुणी विचारत नाही, तू कोणाची, तुझा उपकार कोणता. मला तेही बरं वाटायचं, हे कबूल करते. एकदा हॉस्पिटलनं ताणतणावाचं वर्कशॉप घेतलं आणि आम्हा सगळ्या सिस्टर्सना गुलाबी कव्हरची एकेक ग्रॅटिट्यूड डायरी दिली. रोज तीन गोष्टी लिहायच्या. माझी रूममेट मनापासून लिहायची. मी पहिल्या पानावर लिहिलं, 'एसी चालू होता.' मग मला हसू आलं आणि मग घराची इतकी आठवण आली की डायरी मिटून ठेवली. घरी फोन केला तर लागला नाही. तेव्हा गावात टॉवर नव्हता. रेंज फक्त शाळेमागच्या टेकडीवर यायची, आणि कुणी टेकडीवर असेल तरच बोलणं व्हायचं.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात, एका सोमवारी सकाळी सव्वानऊला सुनीलचा फोन आला. तो धापा टाकत होता, म्हणजे टेकडी पळत चढला होता.

"ताई, मायचं तोंड वाकडं झालं. उजवा हात उचलत नाई. बोलून राह्यली पण काई समजत नाई."

"कधीपासून?"

"आत्ताच. चहा केला, कप घेतला, अन् खाली पडली."

मी आयसीयूच्या दारात उभी होते. रोज जे इतरांना विचारते तेच विचारत होते आणि उत्तरं मला पाठ होती. मेंदूतली रक्तवाहिनी बंद झाली असेल. साडेचार तासांच्या आत स्कॅन होऊन गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं तर माणूस परत येऊ शकतो. मी सुनीलला सांगितलं, तिला कुशीवर झोपव, तोंडातून काही देऊ नको, पाणीसुद्धा नाही, घास श्वासनलिकेत जाईल. आणि ताबडतोब गाडी बोलाव.

तो म्हणाला, "गाडी कुठून येईन, ताई? नाला भरला आहे. पुलावरून कमरेभर पाणी चाललं."

आपला नाला तुम्हाला माहीत आहे. रात्रभर पाऊस पडला की ठेंगणा पूल पाण्याखाली जातो आणि गाव दोन-तीन दिवस तिकडचं तिकडेच राहतं. लहानपणी आम्हाला त्याची मजा वाटायची, कारण शाळेचे मास्तर येऊ शकत नसत. अँब्युलन्स साडेदहाला नाल्याच्या पलीकडच्या काठावर येऊन उभी राहिली. पाण्यापलीकडून ती पांढरी गाडी दिसत होती, असं सुनील म्हणाला. मी मनात हिशेब मांडत होते. नाला नसता तरी एटापल्लीला स्कॅन नाही. गडचिरोली सव्वाशे किलोमीटरच्या वर, तोही पावसातला रस्ता. चार तास. म्हणजे सगळं सुरळीत झालं असतं तरी वेळ गेली असती. हे मला साडेदहालाच कळलं होतं आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.

त्याच सकाळी आमच्याकडे सहा नंबरच्या बेडवर एक बाई आल्या. साठीच्या, मायच्याच वयाच्या. तोंड वाकडं, उजवा हात गेलेला. घरच्यांनी वीस मिनिटांत आणलं होतं. इन्चार्ज मॅडम मला म्हणाल्या, "करुणा, तू जा, बस थोडा वेळ." मी गेले नाही. बसून काय करणार होते? मी त्या बाईंना सलाइन लावलं, स्कॅनला नेलं, परत आणलं, आणि ते इंजेक्शन माझ्या हातानं पंपावर चढवलं. दुपारी साडेबाराला त्यांनी उजव्या हाताची बोटं हलवली. त्यांच्या मुलीनं माझे दोन्ही हात धरले आणि रडत म्हणाली, "सिस्टर, देवाचे खूप उपकार." मी हो म्हटलं. त्या मुलीचा काही दोष नव्हता. पण त्या क्षणी मला त्या बोटांचा इतका राग आला की मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

सुनील तासातासाने टेकडीवर येत होता. दर वेळी एकच सांगायचा, "ताई, माय पाणी मागून राह्यली. डाव्या हातानं घागर दाखवते." आणि दर वेळी मी सांगत होते, देऊ नको, कापूस ओला करून ओठांवर फिरव. तिला तहान लागली होती आणि तिचं पाणी मी अडवलं होतं, हजार किलोमीटरवरून. दवाखान्यात हे सांगताना मला कधी काही वाटलं नव्हतं.

तीन वाजता फोनवर बाबा आले. गुडघे दुखत असताना चिखलातून टेकडी चढून आले होते.

"बाई, प्रार्थना कर."

"करते बाबा."

"उपकार मानून कर."

मी म्हटलं, "कशाचे?"

पलीकडे नुसता पाऊस ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "तिचा श्वास चालू आहे. सुनील जवळ आहे. तू फोनवर आहे."

"बाबा, तिचं अर्धं अंग गेलं. मी इथे दुसऱ्याच्या आईला तेच औषध देऊन आले. मला उपकार मानायला सांगू नका."

ते काहीतरी म्हणायला लागले आणि मी फोन कापला. माझ्या आयुष्यात मी बाबांचा फोन कापलेला तेवढाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी मांडीपर्यंत उतरलं. शेजारचे चैतू काका आणि गावातले पाच जण आले. मायला खाटेवर बांधलं आणि खाट खांद्यावर घेऊन ते नाल्यात उतरले. उतरायच्या आधी चैतू काकांनी पाण्यात चिमूटभर तांदूळ सोडले आणि त्यांच्या पेनाला, म्हणजे त्यांच्या देवाला, गोंडीत काही सांगितलं. सुनील म्हणतो, बाबा त्यांच्या बाजूला डोक्यावरचा रुमाल काढून, मान खाली घालून उभे होते, आणि चैतू काकांचं झाल्यावरच त्यांनी खाटेला हात लावला.

मी तिसऱ्या दिवशी गडचिरोलीच्या दवाखान्यात पोचले. डॉक्टर भले होते. मी नर्स आहे म्हटल्यावर त्यांनी स्कॅन माझ्यासमोर धरला. बोलायची गरज नव्हती. माय जागी होती. माझ्याकडे बघून तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं आणि ती स्पष्ट म्हणाली, "नाई."

मला वाटलं, रडू नको म्हणते आहे. नंतर कळलं की तिच्याकडे तेवढा एकच शब्द उरला आहे. पाणी हवं का, तर नाई. नको का, तर नाई. कुशी बदलू का, दुखतं का, सुनीलला बोलावू का, नाई, नाई, नाई. असे रुग्ण मी पाहिले आहेत. कुणाकडे एखादं नाव उरतं, कुणाकडे एखादी शिवी. आपल्या माणसाकडे कोणता शब्द उरेल ते कुणाच्या हातात नसतं.

अठराव्या दिवशी आम्ही तिला घरी आणलं. संध्याकाळी बाबांनी चूल पेटवली, तांदळाची मऊ पेज केली आणि सात वाजता ताटं मांडली. मायला भिंतीला उश्या लावून टेकवून बसवलं होतं. बाबांनी सुनीलला विचारलं. तो म्हणाला, "माय घरी आली." मला विचारलं. मी त्यांच्याकडे न बघता "तेच" म्हटलं. मग बाबा तिच्याकडे वळले आणि नेहमीसारखं म्हणाले, "तुझं सांग."

माय म्हणाली, "नाई."

बाबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "आमेन."

मी ताट सरकवून उठले. म्हटलं, "बाबा, तिचा छळ करू नका. ती काय म्हणते ते तिचं तिला कळत नाही."  बाबांनी मायच्या तोंडात चमच्याने पेज घालायला सुरुवात केली, गळ्यावर बोट ठेवून, मी दवाखान्यात शिकवलं होतं तसं, एक घोट उतरल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चुलीपाशी एकटे होते तेव्हा मी त्यांच्याजवळ बसले. काल बोलले ते चुकलं असं मला म्हणायचं होतं, पण तेच आधी बोलले.

"तुले वाटते मी खुश आहो?"

त्यांनी निखाऱ्यांवरची राख झाडली.

"मले राग आहे, बाई. त्या दिवशी टेकडीवरून उतरताना मी देवाले लय बोललो. तोंडात येईन ते बोललो. पण राग घेऊन जाऊ कुठी? दुसरं कोणतं दार मले माहीतच नाई. सात वाजले का तिथीच जातो."

"मग मायला का विचारता?"

"अन् तिले सोडून पुढं जाऊ? मंग ती या घरातून उठली असं होईन." लाकूड आत सारत ते म्हणाले, "ती नाई म्हणते तर नाई. थेही त्याले ऐकू द्या."

मी त्यांच्याशी सहमत झाले असं म्हणत नाही. आजही नाही. पण त्या सकाळी मला पहिल्यांदा कळलं की बाबांची प्रार्थना मला वाटत होती तशी भरल्या पोटाची नव्हती.

माझी रजा संपत आली तेव्हा मी मायला पुण्याला नेण्याचा विषय काढला. तिथे फिजिओथेरपी आहे, स्पीच थेरपी आहे, मी आहे. मी तिच्यासमोर बसून विचारलं, "माय, येशील माझ्यासोबत?" ती म्हणाली, "नाई." बाबा म्हणाले, "नाई म्हणते." मी म्हटलं, "बाबा, ती सगळ्यालाच नाई म्हणते." मग आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत बसलो. तिनं डाव्या हातानं सुनीलच्या शर्टाची बाही धरली. त्याचा अर्थ राहायचं आहे असा असेल, किंवा यालाही सोबत ने असा असेल. मला माहीत नाही. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि माझी बारा तासांची ड्यूटी. मीच गावी राहावं हेही मनात आलं. सुनीलजवळ तसं बोलले, तर तो म्हणाला, "इथी राहून तू काय करशीन, ताई? पेज तर बाबा भरवते." त्यानं समजूत घालायला म्हटलं होतं. पण मला ते लागलं, कारण ते खरं होतं. मी रोज शिकलेल्या हातांनी अनोळखी माणसांना उठवते-बसवते, आणि माझ्या आईला माझ्या हातांचा उपयोग नव्हता.

मी परत आले. या वेळी स्टँडवर प्रार्थना झाली नाही. बाबा मायजवळ थांबले होते, सुनीलनं मोटारसायकलवर सोडलं.

थंडीत गावाजवळ टॉवर उभा राहिला. आता सुनील रोज सात वाजता फोन लावतो आणि ताटांच्या मधोमध तांब्याला टेकवून ठेवतो. मला चुलीचा जाळ दिसतो, बाबांचे गुडघे दिसतात आणि मायचा डावा खांदा. आधी सुनील, मग मी, मग माय, शेवटी बाबा. ड्यूटी असली तर मी लिनन रूममध्ये चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये उभी राहून हळू आवाजात सांगते. माझे उपकार आता मायच्या मापाचे झाले आहेत. आज एका आजोबांची नस पहिल्या टोचणीत सापडली. आज बस मिळाली. काही दिवस मला खरंच काही सुचत नाही. त्या सोमवारच्या सकाळबद्दल तर मी अजून एकदाही आभार मानू शकलेले नाही, आणि मानता येतील असं वाटतही नाही. बाबा आता पहिल्यासारखं "दुसरं सांग" म्हणत नाहीत. आणि मायचं रोजचं तेच. कधी ते थकलेलं असतं, कधी चक्क हसरं असतं. ती कशाला नाई म्हणते हे मला कळत नाही.

या पावसाळ्यात पुन्हा नाला भरला आणि टॉवरही बंद पडला. नऊ दिवस फोन लागला नाही. मी बातम्या बघायचे, एटापल्लीच्या ओळखीच्या दुकानात फोन करायचे, तेही म्हणायचे, तिकडचं कुणी आलं नाही. नऊही दिवस सात वाजता मी मोबाइल हातात घेऊन उभी राहायचे. प्रार्थना केली असं सांगता येणार नाही. तोंडातून एकही उपकार निघाला नाही. फक्त घड्याळात सव्वासात होईपर्यंत तिथून हलायचे नाही.

दहाव्या दिवशी सुनीलचा फोन आला. सगळे ठीक होते. मायला थोडा ताप आला होता, उतरला. मग तो बाकीचं सांगत राहिला, कुणाची भिंत पडली, कुणाचं बेणं कुजलं, आणि मधेच म्हणाला, "अन् ताई, तुयामुळे रोज भात थंडा होते."

"माझ्यामुळे का?"

"उपकार सांगाचा तुया नंबर आला का बाबा थांबते. फोन बंद आहे सांगितलं तरी थांबते. आम्ही सगळे चूप बसतो. मंग बाबा आमेन म्हणते, अन् मायले विचारते."

मी विचारलं, "किती वेळ थांबतात?"

तो म्हणाला, "तू बोलाले जेवढा वेळ लावते, तेवढा."

मला कुणी विचारलं की घर कुठे, तर मी अजूनही एटापल्लीजवळ असंच सांगते. तिथे परत जाऊन राहीन की नाही, माहीत नाही. मायला बोलता येईल की नाही, माहीत नाही. डॉक्टरच्या भाषेत माहीत आहे, पण ते मी घरी सांगितलेलं नाही. एवढं सांगते की त्या चुलीसमोर मी नसताना, माझ्याकडे म्हणण्यासारखं काही नसतानाही, माझा नंबर आला की तीन ताटं थांबतात आणि भात थंड होऊ देतात. माझं घर आता तेवढ्या वेळाचं आहे. त्या वेळात मी काय म्हणावं, ते मला अजून सुचलेलं नाही.